नाक्याच्या अलीकडे

"मिस, यारी खातच नाहीये!" मागच्या बाकावरून ब्रीसा ओरडली. "तिचा टाको मी घेऊ?"

"तुझे दोन आत्ताच गिळलेस ना?" ओरालिया कांतू म्हणाली. "पोट आहे का पोतं?"

अख्खी बस हसली. यारी सोडून.

बाकांच्या पाठी धरत ओरालिया मागे गेली. बसमध्ये सगळी सातवीची मुलं. यांच्यातल्या कुणाच्याच घरात कॉलेजचं तोंड पाहिलेलं माणूस नाही. ते तोंड त्यांना दाखवायचं, आणि बारा-तेराव्या वर्षीच डोक्यात भरवायचं की तुम्हीही तिथे जाणार आहात, ही ओरालियाची नोकरी. इतकी वर्षं ती मुलांना आमच्या खोऱ्यातल्याच कॉलेजात नेत आली. नाक्यापलीकडचं, उत्तरेकडचं मोठं विद्यापीठ दाखवायला यंदा पहिल्यांदाच मंजुरी मिळाली होती.

"काय गं? बस लागते का?"

यारीने मान हलवली. मग खिडकीकडे बघतच हळू आवाजात म्हणाली, "मिस, नाक्यावर प्रत्येकाला विचारतात का?"

"काय विचारतात?"

"तेच. इथलीच का म्हणून."

ओरालिया तिच्या शेजारी बसली.

होईल ते असं.

बस नाक्यावर थांबेल. सीमा दलाचा, हिरव्या गणवेशातला एक जण चढेल, खाली दुसरा कुत्रा धरून उभा असेल. चढलेला माणूस हसून गुड मॉर्निंग म्हणेल. ओळीने विचारत येईल. ब्रीसा काहीतरी वात्रट बोलेल. मग यारी. यारी गप्प. तो पुन्हा विचारेल, आता हसणार नाही. हात धरणार नाही, नुसता बाजूला होऊन वाट करून देईल. यारी आपलं दप्तर घेऊन उतरेल. बाकीची मुलं एका बाजूच्या खिडक्यांना चिकटतील आणि बस तिकडे कलेल.

झालं होतं ते असं.

मागच्या महिन्यात ओरालिया यारीच्या घरी गेली होती. संमतीचा कागद फक्त यारीचाच यायचा राहिला होता. यारीची आई नोएमी दारात उभी राहून म्हणाली, "लांब आहे, मिस."

हे वाक्य ओरालियाने किती आयांच्या तोंडून ऐकलं असेल. मुलीला नजरेआड करायची भीती. त्यावरचं भाषण तिला तोंडपाठ होतं. "नोएमी, आज एक दिवस सोडत नाहीस, तर अठराव्या वर्षी कशी सोडशील? तिच्या डोक्याला तुझ्या भीतीचं झाकण घालू नकोस."

नोएमी खाली बघत राहिली. "बरं, मिस," म्हणाली आणि सही केली. आमच्याकडे शिक्षिकेला नाही म्हणत नाहीत.

शाळेने कुणाचे कागद विचारायचे नसतात. ओरालियाने कधी विचारले नाहीत. पण नाका तिच्या पायाखालचा होता. कागदांशिवाय सीमेची नदी ओलांडून आलेली माणसं नदी आणि नाका यांच्या मधल्या पट्ट्यात आयुष्य काढतात, उत्तरेला जात नाहीत, हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक. त्या दिवशी ओरालियाला फक्त आपलं भाषण ठाऊक होतं.

"मम्मीने सांगितलंय," यारी कुजबुजली, "इंग्रजीत बोल, मोठ्याने बोल. मी अमेरिकन म्हणून सांग. मी आरशासमोर म्हणून बघितलं, मिस. येतं मला."

येणारच. हिला काय येत नाही? पण ओरालियाने वकिलांच्या तोंडून ऐकलं होतं: अधिकाऱ्यासमोर हे एक खोटं बोललं की ते जन्मभर पाठ सोडत नाही. पुढे कधी कागद मिळायची वेळ आलीच, तर हेच आडवं येतं.

"नाही म्हणायचं ते," ती म्हणाली. "ऐकलंस? अजिबात नाही."

"मग काय म्हणू?"

बाहेर नुसती कुरणं, काटेरी तारा, मेस्कीटची झुडपं. बस परत फिरवली तर सगळी मुलं विचारतील का, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला उत्तर सापडेल. नाक्याच्या अलीकडे एक शेवटचा पेट्रोल पंप होता.

"तिहेरीना," ती सोबतच्या तरुण शिक्षकाला म्हणाली, "हिला बस लागलीये. आम्ही दोघी पंपावर उतरतो. तू ने सगळ्यांना."

"मी एकटा? मिस, ही कार्टी मला तिथे विकून येतील."

"चांगला भाव घ्या म्हणावं."

"यारी, थापा नको मारूस!" ब्रीसा ओरडली. "जत्रेत त्या गरगर पाळण्यात मी ओकले, तू नाही!"

"आज ओकणारे," यारी म्हणाली. "ये जवळ."

बस हसली आणि निघून गेली.

ओरालियाने भावाला फोन केला. फिदेल म्हणाला, निघतो, तासभर लागेल. पंपाबाहेर बर्फाच्या पेटीला लागून एक बाक होता. दोघी तिथे बसल्या. यारी म्हणाली, "माझ्यामुळे तुमचं पण विद्यापीठ बुडालं." तेवढ्यात रस्त्यावरून सीमा दलाची पांढरी, हिरव्या पट्ट्याची गाडी आत वळली.

होईल ते असं.

तो उतरेल. आधी आपल्याकडे बघेल, मग हिच्याकडे. आपण इंग्रजीत बोलायचं, हिला पुढे येऊ द्यायचं नाही. तो विचारेल तुम्ही हिच्या कोण, आणि आपण…

"मिस कांतू?"

तो टोपी काढून उभा होता. "मी आबेल! आबेल लाँगोरिया. शेवटच्या बाकावरचा!"

तिचाच विद्यार्थी. कॉलेजचा अर्ज तिनेच त्याच्या डोक्यावर बसून भरून घेतला होता. आमच्या खोऱ्यात शिकून मिळतं काय? शाळा, इस्पितळ, नाहीतर हा गणवेश. गणवेशातला त्याचा फोटो तिच्या खोलीत भिंतीवर आहे, पोरांना दाखवायला.

"तुम्ही म्हणायचात, आबेल, डोकं काय टोपी ठेवायला दिलंय का? बघा, आता टोपीचाच पगार मिळतो." तो मनापासून हसला. "ही कोण?"

ओरालियाचा हात पुढे झाला, पण उशिरा. यारी उठून उभी राहिली होती. मोठं माणूस भेटलं की उठायचं, हात पुढे करायचा, डोळ्यात बघायचं, पूर्ण नाव, शाळा, मग काय व्हायचंय ते. वर्षाच्या पहिल्या तासाला ओरालिया हेच घोटून घेते.

"यारेत्सी ओल्मोस सालीनास. सातवी. मिस कांतूंच्या शाळेत. मला हाडांची डॉक्टर व्हायचंय."

आबेलने हात हातात घेतला. "दणदणीत हात मिळवते. तुमचीच आहे." मग इकडेतिकडे बघितलं. "बस कुठाय?"

"पुढे गेली. हिला बस लागली."

त्याने उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं. मग यारीच्या चेहऱ्याकडे. बर्फाची पेटी घरघरत होती.

"ओकल्यासारखी दिसत नाही," तो म्हणाला.

ओरालियाने यारीला हाताला धरून परत बाकावर बसवलं.

"मी सोडतो ना घरी. खालीच चाललोय. गाडीत गार हवा आहे."

"फिदेल येतोय."

"अजून तोच खटारा?"

"तोच."

तो आत गेला. कॉफी घेऊन बाहेर आला, काखेत पाण्याच्या दोन बाटल्या. त्या बाकावर ठेवल्या. टोपी घातली. ती घातल्यावर त्याचा आवाज बदलला, की ओरालियाला तसं वाटलं.

"मिस, बाहेर बसू नका. आत, मागच्या बाजूला बसा. आज इथे आमचे बरेच जण येतील."

गाडी गेली. त्याने सोडून दिलं, की लक्षात ठेवलं? ओरालियाला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

"मिस," यारी म्हणाली, "मी बरोबर बोलले ना?"

"अगदी बरोबर," ओरालिया म्हणाली. त्याने दिलेली पाण्याची बाटली मात्र तिने उघडली नाही.

झालं ते असं.

फिदेलचा खटारा यारीच्या घरापाशी थांबला तेव्हा नोएमी अंगणात होती. गाडी बघूनच तिला कळलं. तिने मुलीला जवळ घेतलं नाही, आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. ओरालियाने घडलेलं सगळं सांगितलं. पंपावरच्या माणसाचंही.

"माझं चुकलं, नोएमी. तू सांगत होतीस."

"छे, मिस. माफ करा, तुमचा दिवस वाया गेला." तिने आतून खुर्ची आणली, एप्रनने पुसली. मग उभ्यानेच विचारलं, "त्याने नाव विचारलं का हिचं?"

ओरालियाने तोंड उघडलं.

"मीच सांगितलं," यारी म्हणाली. "पूर्ण."

नोएमीने मान डोलावली. रागावली नाही. मुलीच्या कपाळावरचे केस मागे केले. "पलंगाखालची मोठी पिशवी आण," म्हणाली, आणि दोरीकडे जाऊन कपडे उतरवायला लागली.

"मम्मी, ओले आहेत ते."

"असू देत. तसेच भरायचे."

यारी आत गेली. खुर्ची तशीच रिकामी राहिली. नोएमी शेवटी चादरीपाशी आली. मोठी होती, पाण्याने जड झालेली, एकटीला आवरेना. ओरालिया पुढे झाली आणि तिने दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवत.