फांगच्या गावात

ओमानमधल्या दुक्मच्या रिफायनरीत अचानक मोठं काम निघालं आणि सबीहाच्या नवऱ्याची, सादिकची, रजा रद्द झाली. चीनची तिकिटं तर काढून ठेवलेली. "अर्बाब ऐकत नाही," तो मालकावर वैतागून फोनवर म्हणाला. "पुढच्या वर्षी जाऊ, इन्शाल्ला."

"तुम्ही पुढच्या वर्षी या," सबीहा म्हणाली. "मी परवा निघते."

मस्कतमध्ये, मदिनत सुलतान काबूस वस्तीत, फांग तिची शेजारीण होती. मोडकंतोडकं अरबी आणि तसंच इंग्रजी, एवढ्यावर दोघींची मैत्री जमली. कुठेही निघताना एक म्हणायची, "यल्ला", म्हणजे चला, की दुसरी तयार. गेल्या वर्षी फांग आपल्या गावी परतली.

सबीहा आधी पिंगयाओला उतरली. जुन्या शहराच्या तटावरून एकटीच हिंडली, खालच्या करड्या कौलांचे, अंगणांचे फोटो सादिकला पाठवत राहिली. मग आगगाडीनं दक्षिणेला आणि पुढे बसनं फांगच्या गावी. तिथे गल्लीगल्लीतून कालवे आणि त्यांवर दगडी पूल.

बस स्टँडवर फांग आलीच नव्हती. फोनही बंद. सबीहानं एका चहावालीला फांगचा फोटो दाखवला. तिनं दुकान तसंच सोडलं आणि सबीहाचा हात धरून तिला फांगच्या दारापर्यंत नेलं. दाराला कुलूप. शेजारीण मोबाइलमध्ये बोलली आणि मोबाइलनं इंग्रजीत सांगितलं, "तिचे वडील सकाळी पायऱ्यांवरून पडले. पाय मोडलाय. सगळे इस्पितळात आहेत."

"त्यांच्या जेवणाचं काय?" सबीहानं विचारलं. "तुमची चूल द्या. मी करते."

तांदळाचं पीठ मिळालं. पहिली भाकरी तव्याला डिंकासारखी चिकटली, दुसरीही. पीठ चिकट तांदळाचं होतं. जमलेल्या बायका हसल्या, सबीहाही हसली. एकीनं घरून साध्या तांदळाचं पीठ आणलं, आणि पुढची भाकरी टम्म फुगली. सोबत टोमॅटो घालून अंडी केली. शेजारणीनं सबीहाला डब्यासकट स्कूटरवर बसवून इस्पितळात नेलं.

दारात तिला बघून फांगच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी तुला घ्यायलासुद्धा आले नाही."

"मी आले ना? आधी बाबांना जेवू घाल."

पुढचे दिवस फांग इस्पितळातच अडकली. सबीहाला गाव दाखवलं ते शेजारणींनी, आळीपाळीनं. संध्याकाळी ती डबा घेऊन जायची. म्हातारबाबा भाकरी मागून खायचे आणि दोघी मैत्रिणींचं बोलणं कान देऊन ऐकायचे.

त्यांना घरी आणलं तेव्हा गाडी गल्लीत शिरेना. चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. सबीहा प्लास्टरचा पाय सांभाळत बाजूनं चालली. पुलावर म्हातारबाबांनी खुर्ची खाली ठेवायला लावली आणि कठड्यावर हात फिरवत काहीतरी सांगितलं.

"हा पूल पुरात खचला होता," फांग म्हणाली. "तेव्हा इथले दगड बाबांच्या आजोबांनी पुन्हा बसवले. पाहुण्यांना बाबा ते स्वतः दाखवतात."

सबीहानं दगडावर तळवा ठेवला. दगड उन्हानं तापला होता. म्हातारबाबा तिच्याकडे बघून समाधानानं हसले, मग खुर्ची उचलणाऱ्यांकडे वळून ऐटीत म्हणाले, "यल्ला."