टॅलंगाची मोजणी

सन १९११. टॅलंगा या ऑस्ट्रेलियातल्या आमच्या खाणगावाचा फुटबॉलचा अंतिम सामना होता. आमच्याकडच्या या खेळात एका बाजूला अठरा गडी असतात. माझा थोरला भाऊ जेबेझ ट्रेम्बाथ कप्तानही होता नि प्रशिक्षकही.

आदल्या वर्षी खेळताना आमच्या धाकट्या भावाच्या, डिगरीच्या डोक्याला गुडघा बसला. बदली गडी घ्यायची सोय तेव्हा नव्हती. दोन दिवसांनी डिगरी गेला. "नको म्हणत होतो, तरी हट्टाने परत उतरला," असं जेबेझने आईला सांगितलं. यंदाचा चषक डिगरीच्या थडग्यावर ठेवायचा, या एकाच ध्यासाने तो वर्षभर झपाटला होता.

चारपैकी तिसऱ्या डावात आम्ही चार गोलांनी पुढे होतो. तेवढ्यात मैदानावर धुकं उतरलं. समोरचा कप्तान नॅनकर्व्हिस ओरडला, "पंच, यांची मोजणी करा! जेब, खाणीतले उंदीरही आणलेस की काय?"

"मोज की! तुला अठराच्या पुढे येतं का?" आमच्या बाजूने कोणीतरी हाणलं.

मोजणीत एक जरी गडी जास्त निघाला, तरी तोवरचे सगळे गुण पुसले जात. आमचे गडी ओळीने उभे राहिले. पंच ऑर्चर्डमास्तरांनी मोजले. एकोणीस. पुन्हा मोजले. एकोणीसच. काठावरून मीही मोजले. प्रत्येक चेहरा ओळखीचा, परका एकही नाही.

"नावं सांगा," मास्तर म्हणाले.

अठरा नावं झाली. एकोणिसावं निघेना.

"अठराच की मग!" नॅनकर्व्हिसही हळूच म्हणाला. त्यालाही ते आता मिटवायचं होतं.

"जेब, आणखी कोणी आहे?" मास्तरांनी विचारलं.

जेबेझ ओळीच्या टोकाकडे बघत होता. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी चषक आमचा होता.

"आहे," तो म्हणाला. "डिगरी ट्रेम्बाथ. तो नको म्हणत होता. मीच उतरवलं त्याला."

माझ्या शेजारी आई उभी होती.

गुण पुसले गेले. आम्ही हरलो.

नॅनकर्व्हिस पुढे फ्रान्समध्ये लढाईत पडला. ऑर्चर्डमास्तरांनी पुन्हा पंचगिरी केली नाही. मी लग्न करून बॅलरॅटला आले, ती इथेच आहे. जेबेझने आणखी वीस वर्षं संघ घडवले. कोणाला मार लागला की त्याला तो स्वतः बाहेर आणायचा आणि सतरा गड्यांवर खेळून बहुधा हरायचा. आई दोन वर्षं त्याच्याशी बोलली नाही. मग एका रविवारी तिने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "थंड होईल."