उलट्या अंगठ्याची हडळ

आपला पाय ओल्या वाळूत उमटवून बघा. अंगठा आतल्या बाजूला येतो. अस्वलाचा मागचा पाय उमटला तर टाच, तळवा, पाच बोटं सगळं माणसासारखंच. फक्त सगळ्यात थोरलं बोट बाहेरच्या अंगाला. घाईत डावा पाय उजवीकडे बसवल्यासारखं. वाघ, तरस, कुत्रा ही सगळी मांसखाऊ भावकी टाच उचलून बोटांवर चालते. अस्वल तेवढं टाच टेकवून चालतं, तुमच्या-माझ्यासारखं. एवढी गोष्ट आमच्या कोळीवाड्यात कुणाला ठाऊक असती, तर माझ्या वैनीवर घर सोडायची पाळी आली नसती.

एकतीस सालचा उन्हाळा होता. वाडी काशीदच्या जवळ, पुढे दर्या, मागे रानाचा डोंगर. शेणाने सारवलेल्या खळ्यांवर जवळा सुकत पडलेला. जवळा म्हणजे नखाएवढी कोळंबी. पावसात होड्या वर ओढल्या की आमच्या पोटाला आधार तिचाच. तो जवळा नाहीसा व्हायला लागला. कावळे खातात तेव्हा निम्मा विखरून ठेवतात. हा मात्र कुंच्याने लोटून नेल्यासारखा साफ! भोवती माणसासारखी पावलं, अंगठे बाहेर, आणि मधूनमधून लांब नखांचे ओरखडे.

आमचे पाटील धर्माजीबाबा पावलांपुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, "हडळ हाय. पाय उलटे, नखं वाढलेली. अजून काय पायजे?"

त्यांची बायको सखुबाई म्हणाली, "पावलं शेवटच्या झोपडीवरनं जातात. आन् एवढा मोठा पाय वाडीत एकीचाच हाय."

शेवटची झोपडी केसरची. केसर म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, गुणाजीची बायको. गुणाजी गलबतावर मलबारला गेलेला. वैनीचे पाय मोठे होते हे खरं. ती चिखलातून चालली की बगळे तिच्या पावलांच्या सावलीला येत.

धर्माजीबाबांनी निवाडा केला, "अवसेच्या आत खळं मोकळं कर आन् हरिहरेश्वराला माहेरी जा. गुणाजी आला की बघू."

"मी जानार न्हाय," केसर म्हणाली आणि खळं सारवायला बसली.

खरं तर मी त्या हडळीला पहाटे पाहिलं होतं. चावडीवर सांगितलंसुद्धा, "बाबा, अस्वल हाय ते. बोडकं अस्वल." "अनंताची नवी थाप!" म्हणून सगळे पोट धरून हसले. आदल्याच आठवड्यात मी त्यांना सांगितलं होतं, की एक रावस होडीच्या काठावर हनुवटी टेकून माझ्याकडे तंबाखू मागत होता. जन्मात एकदा खरं बोललो, आणि तेच कुणाला पचेना.

वैनी तेवढी हसली नाही. "भावजी, बोडकं म्हंजे?"

"अंगावर केस न्हाय. खरजेनं झडलेत. कातडी राखाडी, सुरकुतलेली. मागल्या पायांवर उभं ऱ्हायलं की थेट सखुबाईची सासू."

"आन् खातंय कसं?"

"खात न्हाय, वढतंय. लोहाराच्या भात्यागत."

पुढे मुंबईत राणीच्या बागेतल्या पिंजऱ्यापुढे उभा राहून मी नीट पाहिलं. अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतातच. सुळे वाघाच्या भावकीला शोभतील असे. पण कुणा खापरपणजाला वाळवीची चटक लागली आणि पिढ्यानपिढ्या ओढून ओढून समोर खिडकीच पडली. आधी फुंकर मारून माती उडवायची, नाकपुड्या मिटायच्या, मग त्या खिडकीतून सुर्रकन ओढायचं. खरजेने खंगलेल्या आमच्या अस्वलाला कडक वारुळं उकरवत नसावीत. खळ्यावर त्याला आयती वाळवी वाढून ठेवलेली दिसली.

"मग त्याला पाटलाच्या दारात न्यायचं," भात्याचं ऐकून केसर म्हणाली.

"कोन नेनार?"

"मी."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते आलं. फूं करून धूळ उडवली, सुर्र करून एक ढीग संपवला. केसर उरलेला सगळा जवळा पाटीत भरून पुढे उभी. पावसाळ्याची बेगमी होती ती! तिने एक मूठ टाकली, दोन पावलं मागे सरली. अस्वलाने मूठ ओढली, दोन पावलं पुढे आलं. अशी ती वाडीतून उलटी चालत निघाली आणि हडळ तिच्या मागे. कुत्री भुंकायची विसरली. मी शूरपणाने सर्वांत मागे होतो.

"वैनी, पाटी रिकामी व्हत आली!"

"मग तुमी पुढं या. तुमाला वढंल."

सखुबाईने नुकतंच अंगण सारवलं होतं. ओटीवर मिश्री लावत बसलेल्या धर्माजीबाबांनी बोट तोंडातच ठेवून वर पाहिलं, आणि पुढच्या क्षणी ते आढ्यावर होते. सखुबाई दारामागे. वाडी कुडाआडून बघत होती.

शेवटची मूठ केसरने अंगणाच्या मधोमध टाकली. अस्वल ओल्या शेणात पाय उमटवत गेलं, सुर्र केलं, रिकामी पाटी हुंगली, आणि खाजवत खाजवत अंगणाच्या कडेला ओढून ठेवलेल्या पाटलांच्या होडीकडे वळलं. तिला आदल्या दिवशीच माशाचं तेल चोपडलेलं होतं. त्याने सबंध पाठ फळ्यांवर घासून घेतली आणि डोंगराची वाट धरली.

केसरने पदर खोचला आणि त्या पावलाशेजारी आपलं पाऊल दाबलं.

"बघा. माझा अंगठा आत, त्याचा भायेर. बाबा, खाली या, तुमचाबी लावा."

"हितनंच दिसतंय!" आढ्यावरून आवाज आला.

"न्हाय. खाली या आन् वाडीम्होरं बोला, हडळ कोन ते."

ते उतरले. पाऊल लावलं. मग खाली बघतच म्हणाले, "अस्वल हाय. अनंता खरं बोलला व्हता." अख्खी वाडी अस्वलापेक्षा या वाक्याला जास्त दचकली.

त्याच सकाळी सखुबाई जवळ्याची भरलेली पाटी घेऊन केसरच्या खळ्यावर आली. मागोमाग बाकीच्या बायका, आपापली पाटी घेऊन. केसरने कुणाला नको म्हटलं नाही, की कुणाला बसही म्हटलं नाही. "वाऱ्याकडनं पसरा," एवढंच म्हणाली.

त्या तेलाने अस्वलाची खरूज गेली, आणि दिवाळीला ते असं झुपकेदार झालं की मेंढरू समजून धनगर हाकायला आला. यावर विश्वास ठेवायचा तर ठेवा. बाकीचं मात्र खोटं म्हणू नका. पाटलांच्या आढ्यावर अजून नखांचे ओरखडे आहेत; आणि अस्वल काही वर चढलं नव्हतं.