झऱ्याला आलेला रंग

“एवढं काय टक लावून बघतोयस? पाणीच आहे ते,” आई म्हणाली आणि तिनं मातीची कळशी झऱ्याच्या तोंडाखाली धरली.

“नोकरी आहे माझी, आई.”

“तीस वर्षं नोकरी करतोयस. तेव्हा नाही कधी बघितलंस!”

तेही खरंच. मी नगरपालिकेचा पाणीवाला. सकाळी झऱ्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा, औषध टाकायचं, संध्याकाळी व्हॉल्व्ह बंद करायचा. पाण्याकडे बघत बसायची वेळ कधी आली नव्हती. पण फ्लोरियाना नावाच्या पोरीनं मला पाच दिवस झऱ्याशी बसवलं होतं. गुहा शोधत हिंडणाऱ्या मंडळाची ती पुढारी, राहणारी शहरातली. आमच्या डोंगराच्या माथ्यावर एक विवर आहे आणि त्याच्या तळाशी नदी वाहते. ती नदी पुढे कुठे जाते हे आमच्या सार्डिनिया बेटावर कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून शनिवारी या लोकांनी विवरात हिरवा रंग ओतला आणि तीन ठिकाणी माणसं बसवली. समुद्रकाठच्या गुहेशी दोघं, खालच्या ओढ्यावर एक, आणि आमच्या झऱ्यावर मी.

“रंग प्यायलात तरी काही होत नाही, काका,” ती म्हणाली होती. “फक्त दिसला की लगेच फोन करा.”

गावाचं उत्तर तयार होतं. विवराचं पाणी समुद्राला जातं, असं आजे-पणजे सांगत आले होते. त्यावर सगळ्यांत जास्त विश्वास माझ्या आईचा. दर सप्टेंबरात ती दोन तास बसनं समुद्रावर जाते, फुलं पाण्यात टाकते आणि संध्याकाळच्या बसनं परत येते. शहाऐंशी वर्षांची झाली तरी एकदाही चुकली नाही. कारण माझा धाकटा भाऊ गोनारिओ छत्तीस वर्षांपूर्वी त्या विवरात उतरला आणि वर आला नाही.

गोनारिओ वीस वर्षांचा होता, मी तेवीसचा. तेव्हा मंडळं नव्हती, हेल्मेटं नव्हती. एक कार्बाइडचा दिवा, एक दोरी आणि गोनारिओची हौस. तो उतरायचा आणि मी वर दोरी धरून बसायचो. तीन झटके दिले की ओढायचं, ही आमची खूण. त्या दिवशी वादळ आलं. मी तासभर भर पावसात दोरी धरून बसलो, हाका मारल्या, आणि मग दोरीवरचा भारच गेला. हे मी त्या संध्याकाळी आईला सांगितलं, पोलिसांना दोनदा सांगितलं, गावच्या बारमध्ये शंभरदा तरी सांगितलं असेल. सांगून सांगून माझं मलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

खरं असं की पहिले चार थेंब पडले तेव्हाच मी दोरी ओकच्या झाडाला बांधली आणि दहा मिनिटांवरच्या मेंढवाड्यात जाऊन बसलो. तिथल्या म्हाताऱ्या मेंढपाळानं, बोरेनं, शेकोटी केली होती. त्यानं मला चीज भाजून दिलं. मी ते खाल्लं. पाऊस थांबल्यावर वर गेलो तर विवरात पाणी गर्जत होतं आणि दोरी झाडाला जशीच्या तशी होती. मी तिथं असतो तरी काही झालं नसतं, असं असेलही. पण त्यानं झटके दिले असणार. झाडाला झटके कळत नाहीत.

त्यानंतर मी त्या वाटेला गेलोच नव्हतो. शनिवारी नगरपालिकेचा माणूस हवा म्हणून गेलो. कोळसेवाल्यांची जुनी पायवाट आता पर्यटकांच्या बुटांनी गुळगुळीत झाली आहे. कड्यावरची जुनिपरच्या ओंडक्यांची शिडी मात्र तीच. विवराच्या तोंडाशी फ्लोरियानानं हळूच विचारलं, “काका, तुम्ही कुठं बसला होता तेव्हा?”

मी एका दगडाकडे बोट दाखवलं. स्वच्छ ऊन पडलं होतं, कुणी जबरदस्ती केली नव्हती, तरी मी बोट दाखवलं. तिनं त्या दगडाला हात लावला, देवळातल्या दगडाला लावावा तसा. मला माझीच किळस आली.

तर बुधवारी सकाळी आई कळशी भरत होती. नळावर तिचा विश्वास नाही. माझ्या औषधाला वास येतो म्हणते. कळशी निम्मी भरली आणि पाण्याचा रंग पालटला. आधी वाटलं, वरच्या पानांची सावली पडली असेल. मग चांगलं हिरवंगार पाणी धो धो येऊ लागलं.

मी धावत जाऊन गावाचा व्हॉल्व्ह बंद केला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे कळत होतं, पण हात आपोआप गेले. परत आलो तर आई तशीच उभी होती, हात पाण्याखाली.

“हा तोच रंग?”

“हो.”

“शनिवारी टाकलेला?”

“हो, आई.”

तिनं बोटं मोजली. “पाच दिवस,” ती म्हणाली. “म्हणजे तो समुद्राला गेलाच नाही. मी वेड्यासारखी तिकडे फुलं टाकत बसले, आणि इथल्या पाण्यात छत्तीस वर्षं कणीक मळली.”

“आई, तसं नसतं गं...”

“तू मला पाणी शिकवू नकोस. कळशी उचल.”

फ्लोरियानाला फोन केला तर ती आनंदानं किंचाळलीच. “काका! फार मोठी गोष्ट आहे ही!” मी म्हटलं, हो, फार मोठी आहे.

घरी येऊन आईनं कळशी जेवणाच्या टेबलावर ठेवली. खिडक्या लावल्या, आरशावर काळं कापड टाकलं, चुलीतला विस्तव विझवला. आमच्याकडे मेलेल्यासाठी बायका गाऊन शोक करतात, पण घरात देह असेल तरच. देह नाही तर गाणं नाही. त्यामुळे गोनारिओसाठी कुणी गायलं नव्हतं. आई छत्तीस वर्षं काळे कपडे घालून गप्प होती.

“जा, गल्लीतल्या बायकांना बोलाव,” ती म्हणाली.

“काय सांगू त्यांना?”

“गोनारिओ घरी आलाय म्हणून सांग.”

बाहेर बारच्या दारात माणसं जमलीच होती. “काय रे बाकीस,” बारवाला ओरडला, “आता मेंढ्या हिरवं दूध देणार का?” सगळे हसले. मी आईचा निरोप सांगितला. बारवाल्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं आणि बारचं शटर ओढून घेतलं.

बायका आल्या. सगळ्यांत म्हातारी पास्कासिया, गावाची त्सिया, म्हणजे मावशी. तिनं कळशीकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि खुर्ची ओढून बसली. मला वाटत होतं कुणीतरी आईला म्हणेल, अगं मिंतोनिया, पाणी आहे हे. कुणी म्हणालं नाही. पास्कासियानं सूर धरला आणि आईनं तो उचलला. माझ्या आईला इतका मोठा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं.

पुरुष दाराशी येऊन माझ्या हातात हात देत होते आणि मला आतलं सगळं ऐकू येत होतं. तो लहानपणी कसा दिवे पळवायचा ते आईनं गायलं. बापाचा मार कसा हसत खायचा ते गायलं. आणि मग म्हणाली:

*दोरीच्या टोकाला भाऊ तुझा होता,*
*भिजला, गारठला, दोरी नाही सोडली,*
*हाका त्यानं मारल्या, तूच नाही ओ दिली.*

दाराशी एका म्हाताऱ्यानं माझा हात घट्ट दाबला. “तू तुझं केलंस रे, बाबा,” तो म्हणाला. त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

दुपारी कळशी वडलांच्या कबरीवर न्यायची ठरली. तरुण पाद्री आधी कुरकुरला, पाण्याला दफन नसतं म्हणाला. त्सिया पास्कासियानं त्याला विचारलं, “मग बाप्तिस्म्याला काय वापरता, दारू?” तेव्हा तो टोपी घालून निमूट मागे आला.

कळशी मी घेतली. दोन्ही हातांत, छातीशी. आई माझ्याबरोबर, बाकीचे वीसेक पावलं मागे. दफनभूमीची वाट चढाची आहे आणि वरच्या वळणावर ती अरुंद होते. तिथं माझी पावलं मंदावली.

“आई,” मी हळू आवाजात म्हणालो, “मी दोरी धरून नव्हतो. झाडाला बांधली होती. मी बोरेच्या शेकोटीशी बसलो होतो. चीज खात होतो.”

तिनं पाऊल थांबवलं नाही. “ठाऊक आहे मला.”

“बोरेनं सांगितलं?”

“त्यानं कशाला सांगायला हवं? त्या संध्याकाळी तू थरथरत होतास, तेव्हा तुझ्या अंगातला सदरा मीच काढला. कोरडा ठणठणीत होता.”

मागून लोकांचे बूट दगडांवर वाजत होते, जवळ येत होते.

“मग आज ते गायलीस कशाला? सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर होतं म्हणूनच. एक पोर गेलं होतं माझं. दुसऱ्यालाही गावाच्या हवाली करू का?”

कळशी कलली आणि हिरवं पाणी माझ्या शर्टावर आलं. आईनं खालून एक हात लावून ती सरळ केली.

“नीट धर,” ती म्हणाली. “सांडतंय.”