दिवसाचा चंद्र

चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून श्रीपाद खाडिलकर निवृत्त झाले आणि नौपाड्यातल्या एका संस्थेचा प्रौढ साक्षरता वर्ग घेऊ लागले. शाळेत मुलं विचारायची, "सर, हे शिकून उपयोग काय?" तेव्हा "परीक्षेत येतं" म्हणून ते वेळ मारून नेत. इथे तो प्रश्नच नव्हता. सही, बसची पाटी, बँकेची स्लिप, सगळं दुसऱ्या दिवशी कामाला येणारं.

माजिवड्याच्या शांताबाई नातीला शाळेत सोडून नऊच्या वर्गाला येत. वय एकसष्ट. पंधरा दिवस त्यांनी मुकाट्याने अक्षरं गिरवली. मग एकदा म्हणाल्या, "सर, बस मी विचारून पकडते. बँकेचं सून बघते. मला दुसरंच विचारायचंय."

"विचारा ना."

"सकाळी कधीकधी चंद्र दिसतो, तो अर्धाच. बाकीचा जातो कुठं? लहानपणी शेतात बापाला विचारलेलं, तर म्हणाला, खुरपं चालव."

बाकीच्या बायका हसल्या. पृथ्वीची सावली पडते, असं श्रीपाद सांगणार होते, पण तोंडापर्यंत आलेलं त्यांनी गिळलं. सूर्य आणि चंद्र दोन्ही आकाशात दिसत असताना पृथ्वी मध्ये येईल कशी?

"मला नक्की माहीत नाही. वाचून सांगतो," ते म्हणाले. असं वर्गात आधी कधी म्हटल्याचं त्यांना आठवेना.

घरी दोन दिवस वाचलं. सावलीचं साफ चूक निघालं. वद्य अष्टमीच्या सकाळी त्यांनी सगळ्यांना संस्थेच्या गच्चीवर नेलं. पूर्वेला ऊन चढलं होतं, पश्चिमेकडे फिकट अर्धा चंद्र होता. त्यांनी शांताबाईंच्या हातात लिंबू दिलं.

"हात लांब करून चंद्राशेजारी धरा. काय दिसतं?"

शांताबाईंनी एक डोळा मिटला. हात अवघडेपर्यंत त्या बघत राहिल्या. लिंबू जेवढं उजळलं होतं, तेवढाच चंद्र उजळला होता.

"म्हणजे तो अख्खाच आहे," त्या म्हणाल्या. "ऊन एका अंगाला पडलंय, बस."

हे श्रीपादांनी त्यांना सांगितलं नव्हतं. "परीक्षेत येतं" म्हणून गप्प केलेल्या शाळेतल्या मुलांची श्रीपादांना आठवण झाली आणि थोडी लाजही वाटली.

जोडाक्षरं पुढच्या महिन्यात होती, पण शांताबाईंनी 'चंद्र' लिहायचा हट्ट धरला आणि त्याच दिवशी 'द्र' शिकून घेतलं. मग रोज एक प्रश्न येऊ लागला. संस्थेचे सुदेश एकदा वर्गात डोकावून गेले आणि म्हणाले, "सर, फॉर्म भरायचा सराव मागे पडतोय."

मार्चच्या परीक्षेत शांताबाई तीन मार्कांनी नापास झाल्या, तेही फॉर्म भरण्यात. श्रीपादांना झोंबलं. "चूक माझी आहे. त्या तीन मार्कांचं मी सुदेशशी बोलतो," ते म्हणाले.

"नका बोलू," शांताबाई म्हणाल्या. "पास झाले तर वर्ग बंद ना माझा? जूनमध्ये परत नाव लिहा."