दहा लाख तीन

लिओनिसाबाईंनी स्वतःलाच परीक्षेला बसवलं होतं. इलोइलोच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं आणि फेब्रुवारीत अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, आणि त्याहून वाईट म्हणजे पाढे मध्येच दगा द्यायला लागले. शाळा सोमवारी उघडणार होती. येणार की नाही, ते मुख्याध्यापकांना शनिवारपर्यंत कळवायचं होतं.

म्हणून दहा लाख तीन. ही संख्या मूळ आहे का, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही का, ते हाताने ठरवायचं. भाजक हजाराच्या वरचा असला तर त्याचा जोडीदार हजाराच्या आत सापडतोच. तेव्हा हजारापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. त्या एकशे अडुसष्ट. डाव्या हाताने तेवढे भागाकार, एकही चूक नाही, तरच शाळा. अट कोणी घातली नव्हती, बाईंचीच खोड.

"फोनला विचार की," नवरा तिओफिलो रोज म्हणायचा. त्याचा जन्म होड्या बांधण्यात गेला होता.

"मग तू वल्ही कशाला तासलीस जन्मभर? इंजिनं होतीच की."

तो आल्याचा चहा पुढे सरकवायचा.

शुक्रवारी सकाळी चौऱ्याऐंशीवा भागाकार आला, चारशे तेहतीसचा. उत्तर दोन हजार तीनशे नऊ, बाकी शून्य.

"तुटली," बाई म्हणाल्या. "मूळ नाही ती."

"सुटलीस मग! पुढचे करायलाच नकोत. ये, पाव गरम आहे तोवर खाऊन घे."

सुटका झाली खरी, पण बाईंना रडूच यायला लागलं. इतक्या दिवसांत त्या संख्येवर जीव जडला होता. त्यांनी पाव उचलला आणि तो हातातच राहिला.

"तिओ, तीन नव्वे?"

"सत्तावीस. का गं?"

"चारशे तेहतीसच्या शेवटी तीन, उत्तराच्या शेवटी नऊ. गुणाकाराच्या शेवटी सात यायला हवा. माझ्या संख्येच्या शेवटी तीन आहे." बाईंनी कागद ओढला. "शेवटचा अंक आधी बघा, म्हणून मी पोरांना टपल्या मारायचे."

पुन्हा भागलं. बाकी दोनशे सहा.

"म्हणजे चूक झालीच," तिओफिलो जपून म्हणाला. "तुझी ती अट..."

"झाली चूक. पकडली कोणी?"

तो हसला आणि त्यानेच फोन लावून दिला.

"सर, सोमवारी येते," बाई म्हणाल्या. "अक्षर मात्र डाव्या हाताचं, गचाळ असणार. यंदा वर्गात पोरं किती?"

"बेचाळीस, बाई."

"चौऱ्याऐंशी भागाकार राहिलेत माझे. प्रत्येकाला दोन येतील."

पेन्सिल टेबलावरच ठेवून बाईंनी गार झालेला पाव खायला घेतला.