चौकटीपाशी आत्या गप्प बसली

त्या काळी वर्तमानपत्र म्हणजे जहाजं कुठली आली आणि मालाचा भाव काय चढला, एवढंच. बाबांचा छापखाना त्यावरच चालायचा आणि शिशाच्या अक्षरांचे खिळे मी जुळवायचे. बाबांचा स्वभाव असा, की साहेब शिंकला तरी माफी हे मागणार.

सरकारी कोठारातलं कुजकं धान्य वाटलं गेलं आणि गल्लोगल्ली पोरं आजारी पडली, तेव्हा मी ती बातमी जुळवलीच. बाबा नको नको म्हणत राहिले. छापण्याआधी कच्ची प्रत सरकारी तपासनीस साहेबांना दाखवावी लागे. त्यांनी बातमीवर लाल रेघ मारली आणि यातलं एक अक्षर जरी दिसलं तरी छापखान्याला कुलूप लावीन, असं बजावलं.

माझं डोकंच फिरलं. खिळे मी उपसून काढले, पण त्या जागी दुसरं काही भरायला साफ नकार दिला. बाबांनी कपाळाला हात लावला. चौकात लोक अंकासाठी जमायला लागले होते, म्हणून पान तसंच छापलं, मधोमध कोरी चौकट ठेवून.

वाचता येणारे मोजकेच. त्यामुळे आत्या चौकातल्या पायऱ्यांवर बसून अंक मोठ्याने वाचायची आणि बाकीचे उभ्याने ऐकायचे. जहाजं झाली, भाव झाले. चौकटीपाशी येऊन ती थांबली. ती बातमी वाचायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा वेळ कागदावर नजर ठेवून गप्प बसली.

"कोठाराचंच असणार," एक धोबीण म्हणाली. "माझी धाकटी तेच खाऊन आजारी पडलीय."

मग लोहार बोलला, मग शिंपी, मग कुणी कुणाला आवरेना. साहेब धावत आले आणि काय वाचलंस म्हणून आत्यावर खेकसले. तिने कागद पुढे केला.

"मी काही वाचलंच नाही, साहेब. तुम्हीच बघा."

साहेब तोंड पाडून परत गेले.

दुसऱ्या दिवशी चौकात कोण काय बोललं ते सगळं मी जुळवलं. कच्ची प्रत कुणाला दाखवली नाही. शाईचा रूळ बाबांनी स्वतः हातात घेतला. शेवटचा अंक निघेपर्यंत तो सोडला नाही. अंक हातोहात गेले.

साहेब कुलूप घेऊनच दारात आले. मला रडू येत होतं आणि राग त्याहून जास्त. छापायची परवानगी कुणी दिली, असं त्यांनी बाबांना विचारलं. बाबांनी हाताची शाईसुद्धा पुसली नाही.

"ज्यांची पोरं आजारी पडली, त्यांनी," ते म्हणाले. "लावा कुलूप."